आमवातावर हळद : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

रायबाग, चिकोडी, अथणीकडे हळद घरची असते, त्यामुळे सांधे धरले की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. ‘आमवाताला हळद चालते का’ हा प्रश्न या सदराकडे सतत येतो. या वेळी त्याच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरांत आमवात हा शब्द ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी वापरला आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, बोटांचे आणि मनगटाचे सांधे दोन्ही हातांना सुजतात, आणि सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास मूठ वळत नाही. उतारवयात गुडघा झिजतो ते दुखणं निराळं, त्याला ही उत्तरं लावू नयेत.

प्रश्न : आईचं वय ५२. दोन वर्षांपासून आमवात आहे, मेथोट्रेक्सेट (आमवात आवरणारी गोळी) चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतात, रोज रात्री चमचाभर हळद दुधातून दे, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. हळद घरच्या शेतातली आहे. देऊ का? (चिकोडी)

उत्तर : हळदीचं दूध खुशाल द्या. गोळी मात्र एकही चुकवू नका.

आधी हिशेब करू. हळदीतलं औषधी मानलं जाणारं द्रव्य म्हणजे कुरकुमिन आणि त्याची दोन भावंडं. तिघांना मिळून कुरकुमिनॉइड म्हणतात. सुक्या हळदीत ती साधारण २ ते ५ टक्के असतात. चहाचा एक सपाट चमचा हळद भरते सुमारे ३ ग्रॅम. ३ टक्के धरले तर त्यात कुरकुमिन आलं ९० मिलिग्रॅम. आमवाताच्या पेशंटांवर जे प्रयोग झाले त्यांत बहुतेक ठिकाणी दिवसाला ५०० ते १,२०० मिलिग्रॅम दिलं होतं. हळदीतून १,००० मिलिग्रॅम मिळवायचं तर रोज ३३ ग्रॅम, म्हणजे अकरा चमचे हळद खावी लागेल. पोट तेवढी घेत नाही. जळजळ होते, जुलाब लागतात, आणि हळदीत पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट भरपूर असल्याने ज्याला पूर्वी मुतखडा झाला आहे त्याला तो पुन्हा होऊ शकतो. त्यात शिजवण्याची घट वेगळी. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने मोजून पाहिलं तेव्हा घरगुती शिजवण्यात २७ ते ५३ टक्के कुरकुमिन कमी झालं, आणि सर्वांत जास्त घट प्रेशर कुकरमध्ये झाली. आईच्या पेल्यात जे उरतं ते अन्न म्हणून छान आहे. त्याच्या भरवशावर गोळ्या सोडता येत नाहीत.

काकूंच्या सल्ल्यातली खरी जोखीम पुढे आहे. आमवातात दुखणं कमी होणं वेगळं आणि हाड वाचणं वेगळं. वेदनाशामक गोळीने, शेकाने, कधी नुसत्या विश्रांतीनेही दुखणं उतरतं, पण सुजलेलं अस्तर आतून कूर्चा आणि हाड कुरतडत राहतं. हे नुकसान पहिल्या दोन वर्षांतच झपाट्याने होतं, आणि एकदा बोटं वाकडी झाली की कोणत्याही औषधाने सरळ होत नाहीत. हाताच्या एक्स-रेमध्ये झीज मंदावलेली दिसते, असा पुरावा मेथोट्रेक्सेटच्या बाजूने आहे. कुरकुमिनचे प्रयोग जेमतेम दोन ते तेरा आठवड्यांचे. इतक्या थोड्या काळात हाड वाचलं की नाही हे कळूच शकत नाही.

पत्रात विचारलेलं नाही तरी एक सांगावंसं वाटतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डोस बहुधा ७.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो, आणि दुसऱ्या दिवशी किंवा डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक ॲसिड. आपल्या भागात चिठ्ठी इंग्रजीत असते, औषधवाले कन्नडमधून सांगतात आणि घरी समजूत मराठीतून होते. या तीन भाषांच्या प्रवासात ‘आठवड्यातून एकदा’चं ‘रोज एकदा’ झालं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी घसरतात आणि जीवावर बेतू शकतं. पाकिटावर जाड पेनने मराठीत ‘फक्त रविवारी’ असं लिहून ठेवा. वार तुमच्या सोयीचा निवडा, पण मग तो बदलू नका. रक्तपेशी, एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या तपासण्या सुरुवातीला दर महिन्याला आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी करून घ्या.

प्रश्न : कुरकुमिनवर शास्त्रीय संशोधन झालं आहे असं सगळे म्हणतात. नेमकं काय झालं आणि काय निघालं, ते सविस्तर सांगाल का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : झालं आहे आणि ते भारतातच सुरू झालं. १९८० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये १८ पेशंटांचा अभ्यास आला. दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कुरकुमिनची तुलना ३०० मिलिग्रॅम फिनाइलब्यूटाझोन या वेदनाशामकाशी केली होती. सकाळचं आखडणं, सूज आणि चालायला लागणारा वेळ यांत कुरकुमिननेही सुधारणा दिसली. पण दोन्ही औषधं प्रत्येकी दोनच आठवडे दिली होती. तुलनेचं औषध पुढे रक्तपेशींवरच्या दुष्परिणामांमुळे बहुतेक देशांत माणसांसाठी बंद झालं.

मग २०१२ साली केरळमधून ४५ पेशंटांचा अभ्यास आला. तीन गट केले होते : कुरकुमिन ५०० मिलिग्रॅम, डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम, आणि दोन्ही एकत्र. आठ आठवड्यांनी कुरकुमिनच्या गटात सर्वांत जास्त सुधारणा दिसली. कॅप्सूलच्या जाहिराती बहुधा याच अभ्यासाचा हवाला देतात. त्यात काय नव्हतं तेही पाहा. एका गटात पंधरा माणसं होती आणि प्लासिबोचा, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेल्या गोळीचा, गट नव्हता. शिवाय डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आहे, आमवात आवरणारं औषध नाही. वेदनाशामकाला मागे टाकलं म्हणून मेथोट्रेक्सेटची जागा घेता येत नाही.

प्लासिबो गट असलेले अभ्यास नंतर आले आणि त्यांचं एकमत नाही. २०१७ मध्ये ३६ भारतीय पेशंटांना ९० दिवस २५० किंवा ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, तेव्हा सूज आणि रक्तातला दाह दाखवणारे ईएसआर, सीआरपी हे आकडे प्लासिबोपेक्षा बरेच उतरले. २०१९ मध्ये इराणात नॅनो स्वरूपातलं कुरकुमिन ४० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, नेहमीच्या औषधांसोबत १२ आठवडे दिलं, तेव्हा दोन गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

प्लासिबोचा एवढा आग्रह का, हे समजायला पुण्याचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास फार उपयोगी आहे. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांच्या अर्काची गोळी १८२ पेशंटांवर १६ आठवडे तपासली होती. औषध घेणारे सुधारले, आणि औषध नसलेली गोळी घेणारेही चांगले सुधारले. वेदनेच्या मोजमापात दोघांतला फरक टिकला नाही. आमवात हा चढ-उताराचा आजार आहे. माणूस औषध शोधायला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार येतोच. त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं, मग ती हळद असो, कडुनिंब असो की तांब्याचं कडं.

प्रयोगशाळेत कुरकुमिन जोरदार दिसतं हेही खरं. दाह पेटवणारे टीएनएफ, एनएफ-कॅप्पा-बी, कॉक्स-२ हे सगळे ते काचेच्या बशीत दाबतं. पण बशीत लागणारी तीव्रता साधारण ५ ते ५० मायक्रोमोलची असते, आणि माणसाला रोज ८ ग्रॅम कुरकुमिन दिलं तेव्हाही रक्तातली कमाल पातळी पावणेदोनच्या आसपासच गेली. आतड्यातून ते थोडंच शोषलं जातं, यकृत त्याला लगेच बांधून बाहेर टाकतं. रक्ताइतक्या अल्कधर्मी द्रावणात तर अर्ध्या तासात ९० टक्के विघटतं. आणखी एक अडचण म्हणजे कुरकुमिन बशीतल्या अनेक चाचण्यांमध्ये स्वतःच ढवळाढवळ करून खोटा होकार देतं. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी या सगळ्याचा मोठा आढावा घेऊन संशोधकांना सावध केलं. त्यातच अमेरिकेतल्या या विषयावरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे अनेक निबंध चित्रांतल्या फेरफारामुळे मागे घ्यावे लागले. म्हणून ‘हजारो शोधनिबंध’ हा आकडा ऐकून भारावून जाऊ नये.

आमचं मत असं : नेहमीच्या औषधांना जोड म्हणून कुरकुमिनने काही पेशंटांचं दुखणं आणि सूज थोडी कमी होण्याची शक्यता खरी आहे. एकट्याने आजार आवरण्याचा पुरावा नाही. बेळगावात आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, आणि भोवती हळद पिकवणारे तालुके आहेत. दोन-तीनशे पेशंट, पूर्ण वर्ष, आणि शेवटी हातांच्या एक्स-रेची मोजणी, अशी चाचणी इथून व्हावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : वय ४७, तंबाखूच्या वखारीत काम, दिवसाला बिडीचं एक बंडल लागतं. आमवात तीन वर्षं. कुरकुमिनची कॅप्सूल सुरू करायची आहे. मिरीचा अर्क घातलेली जास्त चांगली असते का? (निपाणी)

उत्तर : आधी बिडी, कारण ती कॅप्सूलपेक्षा मोठी गोष्ट आहे. धूम्रपान हे आमवाताचं बाहेरून येणारं सर्वांत पक्कं सिद्ध झालेलं कारण आहे. धुराने फुप्फुसातल्या प्रथिनांचं रूप बदलतं, शरीर त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध अँटी-सीसीपी ही प्रतिद्रव्यं बनवतं आणि तीच पुढे सांध्यांवर उलटतात. बिडी ओढणाऱ्याला मेथोट्रेक्सेट कमी लागू पडते. बिडी चालू ठेवून कुरकुमिन घेणं म्हणजे एका हाताने पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने चूल फुंकायची. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, मोल्डिंगच्या वाळूतली सिलिकाची धूळ अशीच आमवाताला निमंत्रण देते. नाकाला रुमाल बांधून ती अडत नाही, नीट बसणारा धुळीचा मास्क लागतो.

आता कॅप्सूल. डबीवरची अक्षरं नीट वाचा. ‘हळद चूर्ण ५०० मि.ग्रॅ.’ असेल तर आत कुरकुमिन जेमतेम १५ मिलिग्रॅम. ‘हळद अर्क ५०० मि.ग्रॅ., ९५ टक्के कुरकुमिनॉइड’ असेल तर ४७५. दोन्ही डब्यांवर हळकुंडाचंच चित्र असतं, आणि किमतीवरून काहीच कळत नाही.

मिरीबद्दल. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ साली २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं, तेव्हा शोषण २,००० टक्क्यांनी वाढलं. आकडा मोठा वाटतो, पण मूळ पातळी जवळपास शून्य होती. पायपरिन हे करतं ते यकृताची सफाई मंदावून. म्हणजे फक्त कुरकुमिन नाही, तुमची इतर औषधंही रक्तात जास्त वेळ रेंगाळतात. फिटसाठी फेनिटॉइन, दम्यासाठी थिओफिलिन किंवा रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर पायपरिनवाली कॅप्सूल टाळा. आमटीतल्या मिरीला मात्र घाबरायचं कारण नाही.

यकृताची गोष्ट जास्त गंभीर आहे. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे, म्हणजे गोळ्या-कॅप्सूलमुळे, यकृताला इजा झालेले दहा रुग्ण मांडले. एक दगावला. दहांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार होता, आणि काहींच्या गोळ्यांत पायपरिनही सापडलं. इटलीत २०१९ मध्ये असेच रुग्ण एकत्र आढळले, आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकाने २०२३ मध्ये इशारा दिला. ही इजा विरळ आहे. पण मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड हे आमवाताचंच दुसरं औषध घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच ओझं असतं, आणि एसजीपीटी चढली तर दोष कुणाचा हे कळेनासं होतं. मग डॉक्टर नाइलाजाने कामाचं औषध बंद करतात. कुरकुमिनचा आम्हाला दिसणारा सर्वांत मोठा तोटा हाच.

तरी घ्यायचीच असेल तर अशी घ्या. सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगून एसजीपीटी, क्रिएटिनिन, रक्तपेशी, ईएसआर आणि सीआरपी करा. आठवडाभर रोज दोन आकडे वहीत लिहा : सकाळी मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागली, आणि किती सांधे सुजलेले आहेत. मग पायपरिन नसलेली एकच कॅप्सूल ५०० मिलिग्रॅम, आधी आठवडाभर दिवसातून एकदा, नंतर दोनदा, तेल-तूप असलेल्या जेवणानंतर. या काळात दुसरं नवीन काही सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा आणि अवगुण कशाचा ते समजणार नाही. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात एसजीपीटी पुन्हा करा. बारा आठवड्यांनी वही उघडा. मिनिटं आणि सांधे दोन्ही हललेले नसतील तर कॅप्सूल बंद करा, पैसे वाचवा. मधेच लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले किंवा जेवणावरची वासना उडाली तर त्याच दिवशी थांबवा. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद करावी.

वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी कॅप्सूल घेऊच नये. न्यूझीलंडमध्ये वॉर्फरिन चालू असलेल्या एका पेशंटचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, हळदीचं पूरक सुरू केल्यावर १० च्या वर गेला होता. रक्तात लोह कमी असेल तर कॅप्सूल आणि लोहाची गोळी एका वेळी घेऊ नका, कुरकुमिन लोहाला बांधून ठेवतं.

प्रश्न : आठवडी बाजारात एक जडीबुटीवाला येतो. त्याच्या पुडीने सासूबाईंचे सांधे दोन दिवसांत मोकळे झाले. चार महिने घेत आहेत. आता चेहरा सुजल्यासारखा दिसतो. तो म्हणतो, पुडीत नुसती हळद आणि सुंठ आहे. (खानापूर)

उत्तर : हळद-सुंठीने दोन दिवसांत सांधे मोकळे होत नाहीत. इतका झटपट उतार आणि पाठोपाठ गोल चेहरा म्हणजे पुडीत स्टिरॉइड असल्याचा दाट संशय. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन स्वस्त असतात आणि अशा चूर्णांत बेमालूम मिसळलेले सापडतात.

पुडी आज एकदम बंद करू नका, ही पहिली सूचना. बाहेरून इतके महिने स्टिरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतात. पुडी अचानक थांबली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं, बेशुद्धी असं होऊ शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन दोन दिवसांच्या आत फिजिशियनकडे जा. ते मोजक्या मात्रेत प्रेडनिसोलोन देऊन ते हळूहळू उतरवतील आणि आमवाताचं खरं औषध सुरू करतील. साखर, रक्तदाब, पोटॅशियम आणि डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, हे बघून घ्या. चार महिने स्टिरॉइड गेलं असेल तर हाडंही ठिसूळ झालेली असू शकतात, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचंही विचारा.

प्रश्न : हळदीखेरीज दुसरी एखादी वनस्पती आमवाताच्या परीक्षेत उतरली आहे का? (बेळगाव)

उत्तर : एक उतरली आहे, चीनमधली ‘लेइ गोंग तेंग’ नावाची वेल. २०७ पेशंटांच्या चाचणीत २४ आठवड्यांनी निम्म्याहून जास्त सुधारणा झालेल्यांचं प्रमाण मेथोट्रेक्सेटवर ४६.४ टक्के, वेलीच्या अर्कावर ५५.१ आणि दोन्ही एकत्र दिल्यावर ७६.८ टक्के होतं. पण ही वेल जितकी प्रभावी तितकीच विषारी आहे. तिने पाळी थांबू शकते, कधी कायमचीही, पुरुषांत शुक्राणू घटतात, मूत्रपिंडाला इजा होते. ऑनलाइन मागवून खायची ही वस्तू नाही. शल्लकीची १९९८ मध्ये जर्मनीत ३७ पेशंटांवर परीक्षा झाली, आमवातात गुण दिसला नाही. कोइमतूरला ४३ पेशंटांवर ३६ आठवडे संपूर्ण आयुर्वेदिक उपचारांची मेथोट्रेक्सेटशी तुलना झाली, तेव्हा गट साधारण बरोबरीने सुधारले. इतक्या थोड्या माणसांत दोन उपचार सारखेच आहेत असं ठरत नाही, तरी दुहेरी अंधपद्धतीने, म्हणजे कुणाला काय दिलं हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही न कळू देता, आयुर्वेदाची परीक्षा घेता येते हे त्यातून दिसलं.

प्रश्न : चिकुनगुन्या होऊन दोन महिने झाले, बोटांचे सांधे अजून सुजतात. हा आमवातच का? (संकेश्वर)

उत्तर : बहुधा नाही. २००६ साली कर्नाटकात चिकुनगुन्याची मोठी साथ आली तेव्हा कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने असेच धरले होते. पण सहा आठवड्यांवर दोन्ही हातांची सूज टिकली म्हणजे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. चिकुनगुन्यात अँटी-सीसीपी सहसा नकारात्मक येते. सकारात्मक आली तर संधिवाततज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका.

प्रश्न : आम्ही दोन एकर हळद करतो. जास्त कुरकुमिनची जात लावली तर औषधी हळद म्हणून विकता येईल का? शिवाय बाजारातल्या हळदीत शिसं असतं म्हणतात, ते कसं ओळखायचं? (रायबाग)

उत्तर : कुरकुमिन जातीवर ठरतं. प्रतिभासारख्या जातीत ते ६ टक्क्यांच्या आसपास, मेघालयाच्या लाकाडोंगमध्ये ७ पर्यंत जातं. अर्क काढणाऱ्या कंपन्या त्याला जास्त भाव देतात. पण ‘आमवातावर औषध’ असं पाकिटावर छापायला औषधाचा परवाना लागतो, मसाल्याच्या परवान्यावर ते चालत नाही.

घट कुठे होते ते मात्र तुमच्या हातात आहे. काढणीनंतर दोन-चार दिवसांत हळद काहिलीत घाला, जेठे गड्डे आणि बोटं वेगळी शिजवा. फेस येऊन पांढरी वाफ आणि हळदीचा खास वास सुटला की, म्हणजे साधारण ४५ ते ६० मिनिटांत, काढून घ्या. जास्त शिजली तर रंग मरतो, कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होतं. ५ ते ७ सेंटिमीटरच्या थरात १० ते १५ दिवस वाळवा. वाळून ओलावा १० टक्क्यांवर आला की पोती उन्हात ठेवू नका, उजेडाने कुरकुमिन विटतं.

शिसं येतं ते लेड क्रोमेट या पिवळ्या रंगातून. पॉलिशच्या वेळी फिकी किंवा किडकी हळकुंडं चमकवायला तो लावतात. अन्नसुरक्षेच्या नियमात हळदीत शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. घरी पाण्यात टाकून रंग सुटतो का पाहणं ही फक्त चाळणी आहे, शिशाचा आकडा एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच मिळतो. नमुना देताना ‘शिसं’ आणि ‘लेड क्रोमेट’ या दोन्ही चाचण्या लिहून मागा. विकत घेणाऱ्यांनी पॉलिश न केलेली हळकुंडं आणून गिरणीत समोर दळून घ्यावीत, आणि आधी कुणाची हळद दळली ते विचारून पहिलं मूठभर पीठ बाजूला काढावं.